लांडगीण सुलट हवी

बर्फ विरघळलं की नांगराच्या फाळाला लागून वर येतात,
स्टूर नदीकाठच्या काळ्या ढेकळांतून,
हिरवी, चपटी, बेडकाच्या पाठीसारखी.
कुणाच्या कमरेची गळाली, कोण जाणे.
ते लोक कधीच समुद्रापार गेले,
दगडी भिंती तेवढ्या मागे ठेवून.
त्यांच्या आडोशाला आता आमच्या मेंढ्या वितात.

यांनी काही विकत मिळत नाही.
जव हवे तर मी लोकर देतो,
मीठ हवं तर दोन दिवस राबतो.
नाणं घेऊन लोक माझ्याकडे येतात
ते भोक पाडायला.

सामता, कमान, चिमूटभर वाळू, थोडी थुंकी.
भोक कुठे, एवढंच मी विचारतो.
टोल्ला म्हातारीचा डोळा दुखतो,
तिला राजाच्या डोळ्यातूनच हवं.
होडीवाल्या हूनला अगदी कडेला:
बुडालो, तर निदान गळ्यातल्यावरून ओळखतील.

टेट्टा आली तेव्हा दोन पोरी पाठीशी बांधलेल्या,
एब्बे आणि इब्बे,
आणि छातीत दूध एकीपुरतंही नाही.
मुठीत नाणं. एका अंगाला शिरस्त्राणातलं डोकं,
दुसऱ्या अंगाला लांडगीण,
तिच्या पोटाखाली दोन पोरं, माना वर करून.

म्हणाली, लांडगीण सुलट हवी.
मी नाणं फिरवून दाखवलं:
मग भोक याच्या गळ्यातून जाईल, बाई,
हा शिरस्त्राणवाला खाली डोकं वर मान लटकेल.
लटकू दे, म्हणाली,
त्याने कुणाला पाजलंय?

सामता फिरला. तांब्याचा पिवळा भुगा
तिने बोटाने टिपला आणि फुंकरला नाही,
दोघींच्या टाळूला लावला.

त्याच हिवाळ्यात,
गुरं कापतात त्या महिन्यात, इब्बे गेली.

टेट्टा परत आली. नाणं पुढ्यात ठेवलं.
अर्धं कर.
एक हिच्यासाठी, एक तिच्यासोबत.
मी छिन्नी उचलली, टेकवली,
आणि दिसलं की घाव कुठूनही घातला तरी
लांडगीण मधोमध चिरणार.
टेट्टालाही दिसलं असावं. तिने विचारलं,
दूध कुठल्या अर्ध्यात जाईल?

मला धातू कळतो. हे कळत नाही.
मी छिन्नी ठेवली.
बाहेर गेलो, ओढ्याची चिकणमाती आणली,
लाडू वळावा तशी वळली
आणि टेट्टाला म्हटलं, तूच दाब.
तिने दाबलं, बराच वेळ, अंगठ्याचं नख पांढरं होईतो.
मातीत लांडगीण उठली, खोलगट,
तोंड उलट्या दिशेला.

भाजायची नाही, म्हणाली. ओलीच राहू दे.
इब्बेच्या तळहातात ती तशीच ठेवली,
बोटं मिटवायला मात्र मला बोलावलं,
कारण तिची स्वतःची थरथरत होती.

पुढे कधीतरी पलीकडच्या किनाऱ्याचा रादुल्फ आला,
तराजू आणि गव्हाएवढी वजनं घेऊन.
एब्बेच्या गळ्यातलं नाणं त्याने पारड्यात टाकलं,
दगडावर वाजवलं.
तांबं. तेही भोकाचं. हसला.
भोकाएवढं वजन कमी झालंय, म्हणाला.
मी काही बोललो नाही. त्याला मीठ घेऊन यायचं होतं,
आम्हाला मीठ हवं होतं.

एब्बे आता मेंढ्या राखते.
विचारात असली की नाणं तोंडात धरते,
नसली की अंगठ्याने घासते.
शिरस्त्राणवाला कधीच सपाट झाला.
लांडगिणीची पाठ अजून हाताला लागते,
आणि पोटाखालचं एक पोर.
दुसऱ्याच्या जागी गुळगुळीत झालंय.
अंगठा तिथेच जातो तिचा,
का ते तिला सांगितलेलं नाही.